रिपोर्टवर ‘आरआयए’ लिहिलंय, म्हणजे अंगात किरणं गेली काय?

यावेळी थायरॉईड आणि आयोडीन यावरच एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकले. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून फक्त गावाचं नाव दिलंय.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): मॅडम, बायकोचा थायरॉईडचा रिपोर्ट आला, त्यात टी३ आणि टी४ च्या पुढं मेथड म्हणून ‘आरआयए’ छापलंय. पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं की त्यात रेडिओॲक्टिव्ह आयोडीन वापरतात. ती आता घाबरून बसलीय, रक्त काढताना अंगात काय सोडलं की काय म्हणून. आम्हाला कुणी विचारलं पण नाही. खरं काय ते सांगा.

उत्तर: वहिनींना आधी हे सांगा की त्यांच्या अंगात काहीही गेलेलं नाही. सुईनं रक्त बाहेर आलं, आत काही गेलं नाही, आणि रेडिओॲक्टिव्ह आयोडीन त्या रक्ताला भेटलं ते लॅबमधल्या ट्यूबमध्ये, वहिनी घरी जाऊन चहा पीत असताना. पोरानं वाचलं ते बरोबरच आहे, फक्त ते आयोडीन कुठं असतंय तेवढं त्याला कळलं नाही, आणि रिपोर्ट हातात देताना कुणीतरी दोन वाक्यात सांगितलं असतं तर तुम्हाला हा घोर लागला नसता.

आरआयए म्हणजे रेडिओइम्युनोअसे. टी३, टी४ ही थायरॉईडची हार्मोन्स. रक्तात हार्मोन एवढं कमी असतंय की साध्या रासायनिक टेस्टला ते सापडतच नाही, मग अशी युक्ती केली की ट्यूबच्या आतल्या भिंतीला अँटीबॉडी, म्हणजे नेमकं तेच हार्मोन धरणारं प्रोटीन, चिकटवून ठेवायची, तीसुद्धा मोजकीच, आणि त्यात दोन गोष्टी घालायच्या, एक पेशंटच्या रक्तातलं हार्मोन आणि दुसरं तेच हार्मोन पण आयोडीन-१२५ ची खूण लावलेलं. दोघंही त्याच थोड्या जागांसाठी भांडतात. पेशंटचं हार्मोन जास्त असेल तर खुणेच्या हार्मोनला जागा कमी मिळते, नंतर ट्यूब रिकामी करून धुतली की भिंतीला जेवढी खूण उरली तेवढी काउंटरवर मोजायची. काउंट कमी आला म्हणजे हार्मोन जास्त. टीएसएचला (थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनला) बहुतेक याच्या उलटी पद्धत असते, त्यात अँटीबॉडीलाच आयोडीन लावतात आणि काउंट वाढला की टीएसएच वाढलं.

हे शोधलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या सैनिकांच्या हॉस्पिटलात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी, १९५९-६० च्या सुमाराला, इन्सुलिन मोजायला. पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरा म्हणाले. बर्सन १९७२ मध्ये गेले आणि यालोबाईंना नोबेल मिळालं १९७७ मध्ये. आज आपल्याकडं बऱ्याच लॅबमध्ये आरआयए मागं पडून प्रकाश मोजणारी मशीनं आलीत, पण त्या मशीनच्या आतली कल्पना या दोघांचीच आहे. तर वहिनींना निवांत झोपायला सांगा, आणि टीएसएचचा आकडा कमी-जास्त असेल तर त्यासाठी मात्र डॉक्टरांकडं जाऊन या.

प्रश्न (खानापूर, बीएससी दुसरं वर्ष): पुस्तकात औषधाला आयोडीन-१३१, लॅबला आयोडीन-१२५ आणि स्कॅनला आयोडीन-१२३ दिलंय. आयोडीन एकच ना, मग एकच आणून सगळीकडं का वापरत नाहीत? आमच्या सरांनी फक्त हाफ लाईफचा तक्ता पाठ करा म्हणून सांगितलं.

उत्तर: तक्ता पाठ करायच्या आधी अणूच्या आत काय चाललंय ते बघ, मग पाठ करावाच लागणार नाही. मिठातलं साधं आयोडीन म्हणजे १२७, त्यात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन, आणि ते कायम टिकतंय. १३१ मध्ये न्यूट्रॉन होतात ७८, म्हणजे चार जास्त, ते जास्तीचं ओझं केंद्रकाला पेलत नाही म्हणून एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा कण जोरात बाहेर पडतो, आयोडीनचं झेनॉन होतं आणि मागोमाग गॅमा किरण निघतो, बहुतेक वेळा ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणाच्या ऊर्जेचं माप). हा बीटा शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलीमीटर जातो आणि तिथल्या पेशी मारतो. थायरॉईड ग्रंथी आयोडीन स्वतःहून ओढून घेते, त्यामुळं औषध बरोबर हवं तिथंच जाऊन बसतंय आणि शेजारच्या अवयवांना त्रास कमी. उपचाराला हेच पाहिजे.

१२५ मध्ये उलटं आहे, न्यूट्रॉन ७२ च, दोन कमी. मग केंद्रक स्वतःच्याच आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आयोडीनचं टेल्युरियम बनतं. बीटा कण नाहीच. बाहेर काय येतंय तर ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा मवाळ गॅमा, २७ ते ३१ च्या आसपासचे एक्स-रे आणि अगदी थोडं अंतर जाणारे बारीक इलेक्ट्रॉन. या किरणांना अडवायला शिशाचा पातळ पत्रा बास झाला, १३१ चा गॅमा निम्मा करायला मात्र दोन-तीन मिलीमीटर शिसं लागतं. लॅबमध्ये दिवसभर ट्यूबा हाताळणाऱ्या माणसाला यातलं कुठलं परवडेल ते तूच सांग.

आणि वेळेचं गणित. १३१ चं अर्धायुष्य (हाफ लाईफ, निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) ८ दिवस, म्हणजे रोज जवळजवळ ८ टक्के जातंय, सोमवारी १०० होतं तर पुढच्या सोमवारी ५५ च्या आत-बाहेर. यावर किट बनवलं तर ते कारखान्यातून निघून, पार्सलमधून आपल्या बेळगावात पोचून, पेशंट जमेपर्यंत निम्मं झालेलं असणार. १२५ चं अर्धायुष्य ५९ दिवसांच्या थोडं वर, एका महिन्यानंतरही ७० टक्के शिल्लक, म्हणून एक किट निवांत काही आठवडे चालतंय. १२३ चं फक्त १३ तास, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला २८ टक्केच उरतं, त्यातून बीटा निघत नाही आणि १५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा कॅमेऱ्याला छान दिसतो, त्यामुळं फोटो काढायला उत्तम पण सायक्लोट्रॉन (ते बनवणारं मशीन) जवळ पाहिजे नाहीतर वाटेतच संपलं. तर हा तक्ता म्हणजे कुणी कुठल्या कामाला जायचं त्याची यादीच आहे.

एक गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे. १९३६ मध्ये बोस्टनला एक भौतिकशास्त्राचं व्याख्यान होतं, कार्ल कॉम्प्टन यांचं. ऐकायला बसलेले सॉल हर्ट्झ नावाचे तरुण डॉक्टर उठून विचारते झाले की आयोडीन कृत्रिमरीत्या रेडिओॲक्टिव्ह करता येईल काय. करता येत होतं, पण ते होतं आयोडीन-१२८, अर्धायुष्य २५ मिनिटं. सशांवर प्रयोग झाले, ग्रंथी आयोडीन धरते हे दिसलं, पण चार तासात जेमतेम पावणेआठशेवा भाग उरतो, तेवढ्या वेळात माणसाचा उपचार काय करणार. मग तिकडं बर्कलीत जोसेफ हॅमिल्टन यांनी ग्लेन सीबोर्ग यांना सांगितलं की आठवडाभराचं अर्धायुष्य असलेलं आयोडीन मिळालं तर बघा, आणि सीबोर्ग आणि लिव्हिंगुड यांनी १९३८ मध्ये टेल्युरियमवर मारा करून ८ दिवसांचं आयोडीन-१३१ काढून दाखवलं! मागितलं आठवड्याचं, मिळालं आठ दिवसांचं. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी पहिल्या पेशंटला उपचार म्हणून रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलं. व्याख्यानानंतर हात वर करून प्रश्न विचारायला लाजू नकोस एवढंच माझं म्हणणं.

आपल्या देशात १३१ आजही टेल्युरियमपासूनच करतात, मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉन लागले की टेल्युरियम-१३० चं १३१ होतं आणि ते स्वतःच थोड्या वेळात क्षय पावून आयोडीन-१३१ होतं, मग वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून ते हॉस्पिटलांना जातं.

प्रश्न (निपाणी): माझ्या सासूबाईंना थायरॉईडच्या कॅन्सरसाठी ऑपरेशननंतर रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा १०० मिलिक्युरीचा डोस दिला त्याला वर्ष झालं. तेव्हा हॉस्पिटलात सांगितलं होतं की बाळाला जवळ देऊ नका, ताट वेगळं ठेवा. किती दिवस ते सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आमच्या लक्षात नाही. आम्ही अजून त्यांना मागच्या खोलीत ठेवलंय, ताट-वाटी वेगळी, नातू त्यांच्याकडं जात नाही. त्या काही बोलत नाहीत. आता चालेल काय?

उत्तर: ताई, पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, म्हणून उत्तर आधी देते आणि गणित नंतर. आज, आत्ता, त्यांना पुढच्या खोलीत घ्या, नातवाला मांडीवर द्या, एका ताटात जेवा. तुमचा दोष नाही, तुम्ही काळजीनंच केलंय, पण हा त्रास काही दिवसांचा होता, तो वर्षाचा झाला.

गणित बघा. १०० मिलिक्युरी म्हणजे सुरुवातीला दर सेकंदाला ३७० कोटी अणू फुटत होते, आकडा भीती वाटण्यासारखाच आहे. त्या डोसमध्ये आयोडीन-१३१ चे अणू किती असतात तर साधारण ३७ वर १४ शून्यं एवढे. आता दर ८ दिवसांनी निम्मे. ८ दिवसांनी निम्मे, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी दोन आणे, ८० दिवसांनी हजारावा भाग. वर्षात असं निम्मं निम्मं ४५ वेळा होतंय. समजा लघवीतून, घामातून एक थेंबभर सुद्धा बाहेर गेलं नाही असं धरलं, सगळंच्या सगळं अंगातच राहिलं असं धरलं, तरी आज सासूबाईंच्या अंगात त्या डोसचे सत्तर-पंचाहत्तर अणू उरले असते. कोटी नाही, लाख नाही, सत्तर-पंचाहत्तर. दिवसातून पाच-सहाच फुटले असते. आपल्या सगळ्यांच्या शरीरात जन्मापासून जेवणातून आलेलं पोटॅशियम-४० असतंय आणि ते दर सेकंदाला चार हजाराच्या आसपास फुटतंय, तुमच्या अंगात, माझ्या अंगात, त्या नातवाच्या अंगात त्याच्या वजनाप्रमाणं. त्याच्यापुढं हे पाच-सहा म्हणजे काहीच नाही.

आणि प्रत्यक्षात एवढेही राहिलेले नाहीत. अर्धायुष्य दोन तऱ्हेचं असतंय, एक अणूचं स्वतःचं आणि दुसरं शरीर ते बाहेर टाकतं त्याचं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात म्हणून मिळून जे होतं ते दोन्हीपेक्षा लवकर होतं. ज्यांची ग्रंथी ऑपरेशननं काढलीय त्यांच्यात आयोडीन धरून ठेवायला फारसं काही उरलेलंच नसतं, बहुतेक डोस पहिल्या दोन-तीन दिवसात लघवीवाटे निघून जातो. म्हणूनच तर ३० मिलिक्युरीच्या वरचा डोस असला की सहसा वेगळ्या खोलीत ॲडमिट करून ठेवतात, भरपूर पाणी पाजतात, फ्लश दोनदा करायला लावतात आणि मीटर लावून बघून मगच घरी सोडतात.

दुसऱ्या कुणाच्या घरी आता असा डोस घ्यायची वेळ असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. सोडताना विचारायचं, किती दिवस, किती अंतर, आणि ते डॉक्टरांकडून कागदावर तारखेसकट लिहून घ्यायचं, ‘काही दिवस’ असं तोंडी ऐकून यायचं नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचे दिवस डोसप्रमाणं बदलतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हा डोस देतच नाहीत, आणि डोस झाल्यावर निदान सहा महिने तरी दिवस राहू देऊ नका असं सांगतात. बाकी कपडे, टॉवेल, ताट हे काही दिवस वेगळं आणि मग नेहमीसारखं. जन्मभर वेगळं काही नसतं.

प्रश्न (चिकोडी, लॅब टेक्निशियन): जुन्या किटच्या ट्यूबा कपाटात पडून आहेत. अर्धायुष्य ६० दिवस, म्हणजे १२० दिवसांनी पूर्ण संपलं आणि कचऱ्यात टाकता येतं ना?

उत्तर: नाही. ६० दिवसांनी निम्मं, १२० दिवसांनी पाव उरतंय, शून्य होत नाही. दहा अर्धायुष्यं म्हणजे जवळजवळ वीस महिने गेल्यावर हजारावा भाग होतो, तोपर्यंत तारीख लिहून बंद ठेवायचं, मग मीटरनं मोजून बॅकग्राउंडएवढं (आजूबाजूला नेहमीच असतंय तेवढं) आलं की रेडिओॲक्टिव्हची लेबलं काढून किंवा खोडून टाकायचं, आणि हे सगळं तुमच्या लॅबच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारून, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणं. साध्या गायगर काउंटरवर १२५ नीट दिसतच नाही, किरणं फार मवाळ असतात, ‘काटा हलत नाही म्हणजे काही नाही’ असं समजू नका, त्यासाठी पातळ सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा प्रोब लागतो. (बघा, आयोडीन मोजायला पण आयोडीनच.)

अजून एक, कारण कुठल्याही लॅबमध्ये असं कुणी ना कुणी करून बसतं. सांडलं तर घाईघाईनं ब्लीच किंवा ॲसिड ओतू नका! आयोडाइड पाण्यात विरघळलेलं असतं तोवर ते जागेवर बसून असतं, ब्लीच पडलं की त्याचं आयोडीन होतं आणि ते वाफ होऊन हवेत जातं, मग तुमच्या श्वासातून थेट तुमच्या थायरॉईडमध्ये. सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यानं पुसायचं, ते आयोडीनला परत आयोडाइड करून ठेवतं. किटमधलं १२५ अगदी थोडं आणि हार्मोनला पक्कं जोडलेलं असतं म्हणून धोका कमी, पण जिथं खूण लावायचं काम चालतं तिथं हे जिवावरचं आहे. तिथं क्लोरामाइन-टी घालून आयोडाइड मुद्दाम जागं करतात म्हणजे ते प्रोटीनमधल्या टायरोसिनला जाऊन चिकटावं, सगळं फ्यूम हूडमध्ये, दोन-दोन ग्लोव्हज घालून, कारण आयोडीन एका ग्लोव्हमधून पार होऊ शकतं, आणि काम करणाऱ्यांची थायरॉईड ठराविक मुदतीनं मोजतात.

प्रश्न (येळ्ळूर): आयोडीनचं मीठ आणि जखमेला लावायचं टिंक्चर हे पण रेडिओॲक्टिव्ह असतं काय?

उत्तर: नाही. दोन्हीत १२७ असतंय, ते फुटत नाही. मीठ बिनधास्त खा, बेताचं.

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्यापासून कैगाचं अणुवीज केंद्र काही फार लांब नाही. तिथं काही झालं तर म्हणून आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवू काय, आणि तोपर्यंत मीठ जास्त खाल्लं तर चालेल काय?

उत्तर: कैगा शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, २२० मेगावॉटचे चार रिॲक्टर आहेत, त्यामुळं प्रश्न पडणं साहजिक आहे आणि विचारलंत ते बरं केलंत. रिॲक्टरमध्ये युरेनियम फुटताना आयोडीन-१३१ तयार होतंच. मोठ्या अपघातात ते हवेत गेलं तर गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधातून मुलांच्या पोटात जातं. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर वाढला तो मुख्यतः या दुधामुळं, वेळेवर दूध बंद केलं असतं तर पुष्कळ मुलं या कॅन्सरपासून वाचली असती, हे मला आजही सलतं. आठ दिवसांचं अर्धायुष्य म्हणजे दोन-अडीच महिने त्या भागातलं ताजं दूध टाळलं की हा एक धोका जवळजवळ जातो.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी काय करते तर साध्या आयोडीननं थायरॉईड आधीच भरून टाकते, मग रेडिओॲक्टिव्ह आयोडीनला आत जागा राहत नाही. पण ती फक्त थायरॉईडला आणि फक्त रेडिओॲक्टिव्ह आयोडीनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही, आणि वेळेला घेतली तरच, म्हणजे संपर्काच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर. सरकारी यंत्रणा सांगेल तेव्हाच घ्यायची, उगाच आधी घेत बसलात तर थायरॉईडच बिघडायची. मिठाचं तर विसराच. मोठ्या माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि किलोभर मिठात साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीएवढं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल, त्याच्या कितीतरी आधी मीठच माणसाला मारेल. २०११ ला जपानच्या फुकुशिमात अपघात झाला तेव्हा चीनमध्ये लोकांनी दुकानातलं मीठ पळवलं होतं, त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

प्रश्न (बेळगाव, दहावी): अणू म्हातारा होतो काय? आठ दिवस झाले की तो फुटायला तयार होतो असं आहे काय? आणि निम्म्यांनीच फुटायचं हे त्यांना कोण सांगतं?

उत्तर: या अंकातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. अणू म्हातारा होत नाही. आज तयार झालेला आयोडीन-१३१ चा अणू आणि ऐंशी दिवस टिकून राहिलेला अणू, दोघांची उद्या फुटायची शक्यता अगदी सारखी, ८ टक्क्यांच्या थोडी वर. मागं किती दिवस काढले याची त्याच्याकडं कसली नोंदच नसते. तापवा, थंड करा, दाबा, ॲसिडमध्ये टाका, हा वेग हलत नाही. आणि निम्म्यांनी फुटायचं हे त्यांना कुणी सांगत नाही, प्रत्येक जण आपापला असतो, पण संख्या एवढी प्रचंड असते की बेरीज निम्म्यावरच येते.

करून बघ. आज्जीकडून चिंचोके माग, सारीपाटाला फोडून घेतात तसे दोनशे तरी फोडून घे, एक बाजू पांढरी एक तपकिरी. टोपल्यात घालून हलव आणि जमिनीवर टाक, पांढरे पडले ते ‘फुटले’ म्हणून बाजूला काढ, उरलेले मोज, लिहून ठेव, परत टाक. चिंचोके सारखे पडत नाहीत, एका बाजूला जरा जास्त कलतात, त्यामुळं निम्मे होणार नाहीत, तुझ्या चिंचोक्यांचं अर्धायुष्य किती टाकांचं ते तुझं तूच काढ. नंतर कॉलेजातल्या कुठल्या दादा-ताईकडून सेमीलॉगचा कागद आणून त्यावर मांड, रेघ बऱ्यापैकी सरळ यायला पाहिजे.

शेवटचे दहा-बारा राहिले की मात्र ती वाकडीतिकडी होणार, एखाद्या वेळी टाकल्यावर एकही पांढरा पडणार नाही, तेव्हा चुकलं म्हणून सोडून देऊ नकोस. थोड्या संख्येत हे असंच होतं, आणि लॅबमध्ये आम्हाला याचाच हिशेब ठेवावा लागतो. काउंटरवर १०० काउंट आले तर त्यात १० इकडंतिकडं धरायचे, म्हणजे १० टक्के चूक. १०,००० येईपर्यंत थांबलं तर १०० इकडंतिकडं, म्हणजे १ टक्का. म्हणून किट जुनं झालं, आयोडीन कमी उरलं, की त्याच ट्यूबला काउंटरमध्ये जास्त वेळ ठेवतात.